सिसिलीची तळलेली गोड पक्वान्ने घरी करताना

सिसिली बेटावर तळलेली गोड पक्वान्ने सणावारांप्रमाणे येतात. ख्रिस्ती उपवासकाळ सुरू होण्याआधीच्या कार्निव्हलमध्ये मेसिना शहरात पिन्योलाता, म्हणजे पिठाच्या तळलेल्या छोट्या गोळ्यांची मिठाई, होते. १९ मार्चला, म्हणजे संत जोसेफच्या सणाला, पालेर्मोमध्ये स्फिंचे आणि कातानियामध्ये तांदळाचे क्रिस्पेल्ले तळले जातात, तर कार्निव्हलपासून ईस्टरपर्यंत त्रापानी परिसरातील घरांत कासातेल्ले होतात. जगभर पोहोचलेली कान्नोली, म्हणजे रिकोटा या मऊ चीजने भरलेली तळलेली नळी, हीसुद्धा मुळात कार्निव्हलची मिठाई असून आता ती बारमाही मिळते. या लेखात क्रिस्पेल्ले, कासातेल्ले, स्फिंचे आणि कान्नोली हे चार पदार्थ याच क्रमाने शिकवले आहेत, कारण प्रत्येक पदार्थात आधीच्या पदार्थाचे कौशल्य कामी येते. नवशिक्याने थेट कान्नोलीपासून सुरुवात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

या चारही पदार्थांत एकच घटक सतत सांभाळावा लागतो, आणि तो म्हणजे पाणी. रिकोटा चीजमधील पाणी निथळले नाही तर सारण पातळ होते आणि तळलेले कवच काही मिनिटांत मऊ पडते. पिठात पाणी जास्त झाले तर पदार्थ तेल पितो आणि कमी झाले तर तो कडक होतो. कवचावर हवे असलेले फोडही पिठातील ओलाव्याची तेलात वाफ झाल्यामुळेच उठतात. पुढच्या प्रत्येक पायरीवर हे पाणी कुठे आहे आणि कुठे जात आहे, याकडे लक्ष ठेवावे.

साहित्याची ओळख

सिसिलीत या मिठायांसाठी मेंढीच्या दुधाचा रिकोटा वापरतात. चीज करून झाल्यावर उरलेली निवळी पुन्हा ८० ते ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली की तिच्यातील प्रथिने मऊ कणांच्या रूपाने वर येतात. ते कण अलगद काढून जाळीदार टोपल्यांत निथळवतात. मेंढीच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा स्निग्धांश बराच अधिक असल्यामुळे या रिकोटाला दाट, किंचित रानवट चव येते. बेटावरील उन्हाळा कोरडा असतो आणि हिरवा चारा हिवाळ्यात व वसंतात मिळतो, म्हणून उत्तम रिकोटाही त्याच महिन्यांत होतो. कार्निव्हलपासून ईस्टरपर्यंत रिकोटाच्या मिठायांची रेलचेल का असते, याचे कारण या कुरणांत आहे.

भारतातील बाजारात मिळणारा रिकोटा बहुतेक गाईच्या किंवा म्हशीच्या दुधाचा असतो. तो ताजा असेल तर खुशाल वापरावा. घरी करायचा असल्यास गाईचे आणि म्हशीचे प्रत्येकी एक लिटर सायीसकट दूध एकत्र करावे, चिमूटभर मीठ घालून मंद आचेवर ८५ अंशांपर्यंत, म्हणजे कडेला बारीक बुडबुडे दिसून उकळी मात्र फुटणार नाही इतपत तापवावे, आचेवरून उतरवावे आणि तीन ते चार मोठे चमचे लिंबाचा रस किंवा पांढरे व्हिनेगर घालून दोनदाच हळुवार ढवळावे. पंधरा मिनिटे झाकून ठेवल्यावर दूध फुटून कण वर येतात. ते झाऱ्याने उचलून मलमलच्या फडक्यात घालावेत. पनीरसारखे वजन त्यावर ठेवू नये आणि मळूही नये, कारण आपल्याला वडी नको आहे, मऊ कण हवे आहेत. हा रिकोटा निवळीपासून केलेला नसल्यामुळे मूळच्याइतका हलका होत नाही, परंतु शिकण्यासाठी तो पूर्णपणे योग्य आहे.

चरबीच्या बाबतीत सिसिलीची परंपरा स्पष्ट आहे. पिठातील मोहनासाठी आणि तळण्यासाठीही तेथे डुकराची वितळवलेली चरबी वापरली जात असे, आणि जुन्या वळणाच्या दुकानांत ती अजूनही वापरली जाते. ती न चालणाऱ्यांनी मोहनासाठी साजूक तूप आणि तळण्यासाठी शेंगदाण्याचे किंवा सूर्यफुलाचे रिफाइंड तेल घ्यावे. ऑलिव्ह तेल मोहनाला चांगले, पण एवढ्या तळणीसाठी ते महाग पडते आणि त्याची चव गोडावर चढते.

मार्साला ही सिसिलीच्या पश्चिम किनाऱ्यावरील त्याच नावाच्या शहराची, मद्यार्क घालून तीव्र केलेली वाईन आहे. १७७३ साली जॉन वुडहाउस या इंग्रज व्यापाऱ्याने ती परदेशी पाठवण्यास सुरुवात केली आणि तिचे नाव युरोपभर झाले. पिठात ती सुगंधासाठी घालतात, पण तिचे दुसरे काम अधिक मोलाचे आहे. मद्यार्क ७८ अंशांनाच उकळत असल्यामुळे गरम तेलात पिठातून त्याची वाफ झपाट्याने सुटते आणि कवचावर फोड उठायला मदत होते. मार्साला न मिळाल्यास गोव्यात सहज मिळणारी गोड पोर्ट वाईन उत्तम चालते, फक्त पिठाचा रंग थोडा गडद येतो. मद्य अजिबात नको असेल तर तेवढेच पाणी आणि व्हिनेगरचा एक जादा चमचा घालावा. फोड कमी येतील, पण कवच खुसखुशीत होईल.

साखर आणि लिंबूवर्गीय फळे या बेटावर अरबांबरोबर आली. पालेर्मो शहर ८३१ साली अरबांच्या ताब्यात गेले आणि पुढच्या दोन शतकांत तेथे ऊस, कडू संत्री व लिंबे यांची लागवड रुजली. पुढे कॅथलिक मठांतील जोगिणींनी या साहित्यातून मिठाया घडवल्या आणि त्या विकून मठांचा खर्च चालवला. पालेर्मोतील सांता कातेरीना मठाच्या आवारात आजही मठांच्या जुन्या पाककृतींवरून केलेल्या मिठाया विकत मिळतात. हे येथे सांगण्याचे कारण असे की पाकवलेली संत्र्याची साल, दालचिनी आणि लिंबाची किसलेली साल हे घटक केवळ शोभेचे म्हणून वगळण्यासारखे नाहीत. रिकोटाची चव त्यांच्याशिवाय अपुरी राहते.

रिकोटाचे सारण

कोणत्याही दिवशी तळण करायचे असले, तरी रिकोटाचे काम आदल्या दिवशीच सुरू करावे. मलमलच्या फडक्यात रिकोटा बांधून, श्रीखंडासाठी चक्का टांगतो तसा, फ्रीजमध्ये चाळणीवर किंवा टांगून किमान बारा तास निथळू द्यावा. खाली साचलेले पाणी टाकून द्यावे. बोटाने उचलल्यावर जो टोक धरून उभा राहतो आणि बशीवर ठेवल्यास कडेला पाण्याची रेघ सोडत नाही, तो रिकोटा तयार झाला असे समजावे.

निथळून झालेल्या ५०० ग्रॅम रिकोटात १५० ते १७० ग्रॅम पिठी साखर घालून ती चमच्याने हलकेच मिसळावी. सिसिलीतील दुकाने याहून बरीच जास्त साखर घालतात, परंतु गाई-म्हशीच्या रिकोटाची चव सौम्य असल्यामुळे तेवढी साखर त्यावर भारी होते. साखर रिकोटातील उरलेले पाणी ओढून घेते, म्हणून मिश्रण सुरुवातीला सैल झालेले दिसेल. ते तसेच झाकून दोन तास फ्रीजमध्ये ठेवावे, वर पाणी सुटले असल्यास ओतून टाकावे आणि मगच बारीक चाळणीतून उलथण्याने दाबून काढावे. ही चाळणी टाळू नये, कारण सारणाचा रेशमी पोत तिच्यातूनच येतो. विजेच्या यंत्राने फेटण्याचा मोह अनेकांना होतो, पण त्याने रिकोटाचे कण तुटून सारण पातळ होते आणि नंतर ते काही केल्या दाट होत नाही.

चाळलेल्या सारणात ६० ग्रॅम बारीक चिरलेले गडद चॉकलेट, अर्ध्या लिंबाची किसलेली साल आणि चिमूटभर दालचिनी घालावी. सालीचा फक्त पिवळा थर किसावा, कारण खालचा पांढरा भाग कडू असतो. चॉकलेट शेवटी आणि थंड सारणातच घालावे, नाहीतर त्याचा रंग उतरून सारण मळकट दिसते.

तळणीची तयारी

जाड बुडाची खोल कढई घ्यावी आणि ती निम्म्याहून अधिक भरू नये. तेलाची खोली सहा ते सात सेंटिमीटर असावी. स्वयंपाकाचा तापमापक असेल तर नवशिक्याचा निम्मा त्रास कमी होतो, कारण प्रत्येक पदार्थाला वेगळे तापमान लागते. तो नसेल तर पिठाचा छोटा तुकडा टाकून पाहावा. तो तळाशी बसला तर तेल थंड आहे, लगेच वर येऊन काही सेकंदांत काळपट झाला तर फार तापले आहे, आणि वर येऊन भोवती एकसारखे बुडबुडे काढत सुमारे मिनिटभराने सोनेरी झाला तर तेल कान्नोलीसाठी योग्य आहे. एका वेळी तीन-चार नगांपेक्षा जास्त टाकू नयेत, कारण तेलाचे तापमान पडले की पदार्थ तेल पितो. ओले साचे, ओला झारा किंवा ओले हात तेलाजवळ नेऊ नयेत. लहान मुलांना या वेळी स्वयंपाकघराबाहेर ठेवावे.

तांदळाचे क्रिस्पेल्ले

कातानियातील या पदार्थाचा संबंध तेथील सान निकोलो लारेना या, बेनेडिक्टाइन नावाच्या ख्रिस्ती संन्यासी पंथाच्या मठाशी जोडला जातो. त्या भव्य मठात आता कातानिया विद्यापीठाचा एक विभाग आहे. या पदार्थात अंडे नसते आणि रिकोटाही नसतो, शिवाय खास उपकरण लागत नाही, म्हणून तळणीचा हात बसवण्यासाठी यापेक्षा चांगला आरंभ नाही.

२५० ग्रॅम आखूड दाण्याचा, चिकट होणारा तांदूळ घ्यावा. आपल्याकडचा इंद्रायणी किंवा आंबेमोहोर चालतो, बासमती मात्र घेऊ नये, कारण तो मोकळा शिजतो आणि वड्या धरत नाहीत. ५०० मिलिलिटर दूध, २५० मिलिलिटर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून तांदूळ मंद आचेवर, अधूनमधून ढवळत, सर्व द्रव शोषला जाईपर्यंत शिजवावा. भात गरगटा आणि घट्ट झाला पाहिजे. कोमट झाल्यावर त्यात एका संत्र्याची किसलेली साल, १०० ग्रॅम मैदा आणि दोन चमचे कोमट दुधात विरघळवलेले ४ ग्रॅम कोरडे यीस्ट घालून एकजीव करावे आणि झाकून दीड तास ठेवावे.

ओलसर केलेल्या लाकडी पाटावर हे मिश्रण दीड सेंटिमीटर जाडीचे थापावे. सुरीने बोटाएवढ्या रुंद आणि सात-आठ सेंटिमीटर लांब पट्ट्या कापून प्रत्येक पट्टी सुरीच्याच पात्याने पाटावरून थेट १७० अंशांच्या तेलात अलगद ढकलावी. हाताने उचलल्यास पट्टी तुटते, आणि पाटावरून सोडताना तो तेलाच्या पातळीजवळ नेल्यास तेल उडत नाही. तीन-चार मिनिटांत सर्व बाजूंनी सोनेरी झाले की काढून निथळवावे. २०० ग्रॅम मध दोन चमचे संत्र्याच्या रसासह नुसता कोमट करून घ्यावा, उकळू नये, आणि गरम क्रिस्पेल्ले त्यात घोळवून लगेच वाढावेत. पट्ट्या तेलात विरघळू लागल्या तर भात सैल राहिला आहे असे समजून मिश्रणात आणखी दोन चमचे मैदा घालावा.

कासातेल्ले

त्रापानी प्रांतातील हा अर्धगोल, रिकोटाने भरलेला पदार्थ आहे. याच्या पारीत मैद्याबरोबर कडक गव्हाचे बारीक पीठ असते, आणि त्यामुळेच तिला खरपूस चव व सोनेरी रंग येतो. आपल्या बाजारातील बन्सी रवा अशाच कडक गव्हाचा असतो. तो मिक्सरमध्ये दळून बारीक चाळणीने चाळून घेतल्यास काम होते.

२०० ग्रॅम हे पीठ, १०० ग्रॅम मैदा, ३० ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ आणि एका लिंबाची किसलेली साल एकत्र करून त्याला ४० मिलिलिटर ऑलिव्ह तेलाचे मोहन चोळावे. मग ५० मिलिलिटर मार्साला आणि लागेल तसे कोमट पाणी घालून पीठ मऊसर भिजवावे. ते दहा मिनिटे चांगले मळून तासभर झाकून ठेवावे. रव्याचे पीठ पाणी हळूहळू शोषते, म्हणून सुरुवातीला किंचित सैल वाटले तरी घाबरून वरून कोरडे पीठ घालू नये.

पीठ दोन ते अडीच मिलिमीटर जाडीचे लाटून दहा सेंटिमीटरचे गोल कापावेत. मध्यभागी एक भरलेला चमचा सारण ठेवावे, कडेला बोटाने पाणी लावावे, घडी घालताना आतली हवा बाहेर दाबून काढावी आणि कडा घट्ट दाबून करंजीच्या कातण्याने कातरावी. कातणे दोन्ही पदर चिमटून टाकते, त्यामुळे त्याचे काम सजावटीपुरते नाही. आत हवा राहिली तर ती तेलात फुगून शिवण उघडते, रिकोटा तेलात पडतो आणि सगळे तेल उडू लागते. या पदार्थातील खरी जोखीम एवढीच आहे आणि निथळलेला रिकोटा वापरल्यास ती जवळपास राहत नाही. १७० अंशांवर प्रत्येक बाजू दोन ते तीन मिनिटे तळावी आणि वर चमच्याने तेल उडवत राहावे, म्हणजे पृष्ठभागावर सुंदर फोड येतात. वर साखर आणि दालचिनीची पूड भुरभुरवून गरम असतानाच खावेत. थंड झाल्यावर आतल्या रिकोटाचा ओलावा पारीत उतरतो आणि दुसऱ्या दिवशी ते खाण्यात काही गंमत उरत नाही.

स्फिंचे

संत जोसेफच्या सणाचे स्फिंचे म्हणजे शिजवून केलेल्या पिठाचे, आतून पोकळ-जाळीदार आणि बाहेरून वेडेवाकडे असे मोठे गोळे. त्यांच्यात रिकोटा भरत नाहीत, वरून सढळ हाताने थापतात.

२५० मिलिलिटर पाणी, ६० ग्रॅम लोणी आणि चिमूटभर मीठ यांना खळखळून उकळी आणावी, आच कमी करून त्यात १५० ग्रॅम मैदा एकदमच घालावा आणि लाकडी चमच्याने जोरात घोटावे. गोळा पातेल्याच्या कडा सोडून तळाशी पातळ पापुद्रा धरू लागला, की आणखी दोन मिनिटे आचेवरच परतावा. येथेही प्रश्न पाण्याचाच आहे, कारण पिठातील जादा ओलावा या दोन मिनिटांत उडतो आणि मगच त्यात अंडी सामावतात. गोळा कोमट झाल्यावर चार अंडी एकेक करून घालावीत. आधीचे अंडे पूर्ण मिसळल्याशिवाय पुढचे घालू नये. चमचा उचलल्यावर पीठ जाड पट्टीसारखे हळूहळू ओघळले पाहिजे. चौथे अंडे फेटून थोडे थोडे घालावे आणि हा पोत आला की थांबावे, कारण सैल झालेले पीठ दुरुस्त करता येत नाही.

दोन चमच्यांच्या साहाय्याने अक्रोडाएवढे गोळे १६० ते १६५ अंशांच्या तेलात सोडावेत. तेल कान्नोलीपेक्षा मुद्दाम कमी तापलेले ठेवायचे असते. ते जास्त गरम असल्यास बाहेरचा भाग लवकर कडक होऊन गोळा फुगत नाही आणि आतून कच्चा राहतो. आठ ते दहा मिनिटे लागतात. या काळात गोळे उलटत राहावे आणि झाऱ्याने हलके टोकत राहावे, म्हणजे त्यांना तडे जाऊन ते आणखी फुलतात. बाहेर काढल्यावर गोळा चटकन बसला तर तो आतून ओला आहे, पुढची खेप दोन मिनिटे अधिक तळावी. पूर्ण थंड झाल्यावरच वर रिकोटाचे सारण पसरून पाकवलेल्या संत्र्याच्या सालीची पट्टी आणि पिस्त्याचे काप लावावेत.

ही साल घरी करणे सोपे आहे. दोन संत्र्यांच्या सालीच्या पट्ट्या तीन वेळा वेगवेगळ्या पाण्यात उकळून ते पाणी टाकून द्यावे, म्हणजे कडवटपणा जातो. नंतर सालीच्या वजनाएवढी साखर आणि ती बुडेल इतके पाणी घालून पारदर्शक होईपर्यंत मंद शिजवावी व जाळीवर रात्रभर वाळवावी.

कान्नोली

तीन पदार्थ हातून झाले असतील, तर कान्नोलीत नवीन गोष्टी दोनच उरतात. एक म्हणजे फार पातळ लाटणे आणि दुसरी म्हणजे साच्याभोवती गुंडाळून तळणे. पूर्वी हा साचा बोरूच्या पोकळ कांडीचा असे. आता सुमारे दोन ते अडीच सेंटिमीटर व्यासाच्या आणि बारा-चौदा सेंटिमीटर लांबीच्या स्टीलच्या नळकांड्या मिळतात. किमान सहा घ्याव्यात, नाहीतर प्रत्येक खेपेला साचे थंड होण्याची वाट पाहण्यातच वेळ जातो.

पहिली पायरी पिठाची. २५० ग्रॅम मैद्यात २५ ग्रॅम पिठी साखर, ५ ग्रॅम बिनसाखरेचा कोको आणि चिमूटभर मीठ चाळून घालावे. कोको चवीपेक्षा रंगासाठी असतो, जास्त घातल्यास कवच कधी तळून झाले हे डोळ्यांना कळेनासे होते. ३० ग्रॅम मऊ चरबी किंवा थिजलेले तूप बोटांनी पिठात चोळून रवाळ करावे. १५ मिलिलिटर पांढरे व्हिनेगर आणि ८० मिलिलिटर मार्साला थोडी थोडी घालत घट्ट पीठ भिजवावे. कोरडे राहिल्यास चमच्या-चमच्याने पाणी घालावे. पुरीच्या कणकेपेक्षाही थोडे घट्ट पीठ योग्य समजावे. आठ-दहा मिनिटे मळून ते गुळगुळीत झाले की घट्ट झाकून किमान एक तास विश्रांती द्यावी. ही विश्रांती कमी पडली तर लाटलेली पारी रबरासारखी आखडते आणि हवी तेवढी पातळ होत नाही.

दुसरी पायरी लाटण्याची. पिठाचे चार भाग करून एक लाटावा आणि बाकीचे झाकून ठेवावेत. जाडी दीड मिलिमीटरपेक्षा जास्त नको. शेवया किंवा पास्ता लाटण्याचे यंत्र असल्यास ते अवश्य वापरावे, पोळपाट-लाटण्यानेही जमते, पण मनगट लागते. पोळपाटावर कोरडे पीठ कमीत कमी भुरभुरवावे, कारण ते तेलात उतरून जळते आणि पुढच्या खेपांना कडू वास लावते. दहा सेंटिमीटरचे गोल कापून त्यांना लाटण्याने एकदाच ओढून लांबट करावे.

तिसरी पायरी गुंडाळण्याची, आणि बहुतेक नळ्या येथेच बिघडतात. साच्याला पहिल्या वेळेपुरता तेलाचा पुसट हात लावावा. पारी त्यावर सैल गुंडाळावी, घट्ट आवळू नये, कारण तळताना फोडांना जागा लागते. एका कडेवर बोटाने अंड्याच्या पांढऱ्याचा पातळ थर द्यावा आणि दुसरी कड त्यावर दीड सेंटिमीटर चढवून दाबावी. हा पांढरा भाग साच्याला लागला तर नळी कायमची चिकटते आणि काढताना फुटते. अंडे नको असल्यास मैदा आणि पाण्याची दाट खळ लावता येते, मात्र शिवण अधिक काळजीपूर्वक दाबावी लागते.

चौथी पायरी तळण्याची. तेल १७५ ते १८० अंशांवर असताना चिमट्याने साचे शिवण खाली ठेवून सोडावेत. तीस सेकंदांत फोड उठू लागतात. साचे फिरवत राहावे आणि दीड ते दोन मिनिटांत गडद सोनेरी-तपकिरी रंग आला की काढावे. काढताना साचा उभा धरून पोकळीतले तेल कढईतच निथळू द्यावे, कारण त्या नळकांडीत साठलेले उकळते तेल हातावर येण्याची भीती असते. जाळीवर ठेवून मिनिट-दोन मिनिटांनी, नळी अजून कोमट असताना, एका हाताने जाड फडक्यात साचा धरून दुसऱ्या हाताने नळी हळूच फिरवत सरकवावी. पूर्ण थंड होऊ दिल्यास ती साच्यावर आवळून बसते.

नळ्यांवर फोडच आले नाहीत तर पारी जाड राहिली किंवा तेल थंड होते. शिवण उघडली तर कडेला कोरडे पीठ लागले होते. नळी तेलकट लागली तर एका वेळी जास्त साचे सोडले गेले. चावताना दगडासारखी लागली तर मोहन कमी पडले किंवा पिठाला विश्रांती मिळाली नाही. पहिल्या खेपेत एकच नळी तळून हे सर्व तपासावे आणि मग पुढे जावे.

रिकाम्या नळ्या पूर्ण गार झाल्यावर हवाबंद डब्यात आठ-दहा दिवस छान राहतात. कोकणातल्या पावसाळ्यात त्या लवकर सादळतात, तेव्हा १५० अंशांच्या ओव्हनमध्ये पाच मिनिटे ठेवल्यास पुन्हा कुरकुरीत होतात.

पाचवी पायरी भरण्याची आणि ती वाढण्याच्या क्षणापर्यंत थांबवावी. सारण मोठ्या तोंडाच्या पिशवीत भरून आधी एका टोकातून मध्यापर्यंत आणि मग दुसऱ्या टोकातून भरावे, म्हणजे मधे पोकळी राहत नाही. पालेर्मोच्या बाजूला टोकांना पाकवलेल्या संत्र्याची पट्टी लावतात, कातानियाच्या बाजूला पिस्त्याची भरड. एटना ज्वालामुखीच्या पायथ्याच्या ब्रोन्ते गावचा पिस्ता यासाठी प्रसिद्ध आहे. त्याला २००९ पासून युरोपीय भौगोलिक संरक्षण आहे आणि त्याचे पीक एक वर्षाआड काढले जाते, म्हणून तो महाग असतो. साधा, बिनमिठाचा हिरवा पिस्ता घरच्यासाठी पुरेसा आहे. वरून पिठी साखर अगदी शेवटी चाळावी.

सिसिलीला जाण्याचा योग आला, तर दुकान पारखतानाही हीच पायरी उपयोगी पडते. काचेच्या कपाटात भरून ठेवलेल्या कान्नोलीच्या रांगा दिसल्या तर पुढे जावे, आणि रिकाम्या नळ्यांचा ढीग ठेवून मागणी आल्यावर समोर भरून देणारे दुकान निवडावे. पालेर्मोजवळच्या पियाना देल्यी अल्बानेझी या, पंधराव्या शतकात अल्बेनियन निर्वासितांनी वसवलेल्या गावाची कान्नोली आकाराने खूप मोठी असते, आणि तिच्यासाठी लोक मुद्दाम डोंगर चढून जातात. त्रापानीजवळच्या दात्तिलो या छोट्या गावाचाही असाच लौकिक आहे.

भरलेली कान्नोली तासाभरात संपवावी, ती फ्रीजमध्ये ठेवून उपयोग नाही. उरलेले सारण झाकून फ्रीजमध्ये दोन दिवस टिकते. तुटलेल्या नळ्या टाकून देऊ नयेत. त्यांचे मोठे तुकडे वाटीत घालून वर थंड सारण, चॉकलेट आणि संत्र्याची साल घातली की त्याचेही उत्तम पान वाढता येते, आणि सिसिलीतील अनेक उपाहारगृहांत कान्नोली आता याच रूपात मागवली जाते.